एकावन्न नंबरचा शर्ट

२०२५ च्या ३१ जुलैच्या संध्याकाळी मी भेंडी चिरत होते आणि माझी अकरा वर्षांची लेक जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून रडत होती. अंगात काळा शर्ट, पाठीवर पिवळ्या रंगात ५१. आमच्या पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाने, पायरेट्सनी, डेव्हिड बेडनार या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, न्यूयॉर्क यांकीजना देऊन टाकलं होतं आणि ही बातमी तिला मैत्रिणीकडून कळली होती. मी हात पुसले, तिच्याशेजारी बसले आणि समजावायला लागले. म्हटलं, "अगं, तो तीस वर्षांचा झालाय. पुढच्या वर्षानंतर तसाही करारातून मोकळाच होणार होता. आपला संघ तळाला. हरणाऱ्या संघाला शेवटच्या इनिंगला येऊन सामना राखणारा पिचर काय कामाचा? राखायला सामना तर हवा. बदल्यात तीन तरुण मुलं मिळालीत, त्यातले दोन कॅचर. भाव चढलेला असतो तेव्हाच विकायचं असतं." तिचं रडणं थांबलं, पण ते थांबणं मला बरं वाटावं असं नव्हतं. "आई, तू त्यांच्या बाजूने का बोलतेयस?" एवढंच विचारून ती वर गेली आणि शर्ट न बदलता तशीच झोपली.

त्या प्रश्नाने मला पुढे कित्येक दिवस छळलं. हिशेबाने पाहिलं तर मी काही चुकीचं बोलले नव्हते. मी एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करते. काय ठेवायचं, काय काढायचं, कुठला खर्च कुठल्या वर्षात दाखवायचा, यातच माझा दिवस जातो. पण त्या पायरीवर मी आई म्हणून बसले आणि बोलले मात्र मालकाच्या मुनिमासारखी. संघाच्या मालकांना मी कधी भेटलेली नाही, आणि भेटले तर काय सुनवायचं हे माझं कधीचं ठरलेलं आहे. तरी वेळ आली तेव्हा तोंडातून त्यांचेच शब्द निघाले.

या गावात ती भाषा शिकावी लागत नाही, कानावर पडून पडून येते. किराण्याच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा पावती फाडता फाडता सांगतो की अमक्याला आत्ताच विकला पाहिजे. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी दोघे जण तिसऱ्या बेसवर कोण असावा यावरून इतके हमरीतुमरीवर येतात की कॉफी गार होते. गणपतीच्या जेवणाला जमलेल्या मराठी मंडळींतसुद्धा मोदकांचं दुसरं ताट फिरेपर्यंत विषय पायरेट्सवर आलेला असतो. प्रॉस्पेक्ट म्हणजे होतकरू पोरं, रिबिल्ड म्हणजे जुने विकून संघ नव्याने बांधणं, आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे कंट्रोल. 'त्याच्यावर अजून चार वर्षांचा कंट्रोल आहे.' म्हणजे चार वर्षं त्या मुलाला दुसरीकडे जाता येणार नाही. मी आल्या आल्या हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकले होते. आता दचकत नाही. बघता बघता तोच शब्द मीही वापरायला लागले.

आम्ही २०११ मध्ये इथे आलो तेव्हा पायरेट्सना सलग अठरा वर्षं जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त नशिबी आलेलं होतं. १९९३ पासून २०१२ पर्यंत वीस वर्षं हा सिलसिला चालला. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या व्यावसायिक संघाच्या नावावर एवढी लांब रांग नव्हती. आणि मैदान बघाल तर डोळे निवतील असं. अ‍ॅलेगेनी नदीच्या काठावर, समोर उंच इमारती, नदीवर रॉबेर्तो क्लेमेंटेच्या नावाचा पिवळा पूल. सामन्याच्या दिवशी त्यावरून गाड्या बंद आणि नुसती माणसं चालत असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शेजारच्या बाईने शेंगा सोलता सोलता मला सांगितलं, "दोन वर्षं थांब. खालच्या संघांत चांगली पोरं तयार होतायत." मला वाटलं होतं, ती मला नवखी म्हणून धीर देतेय. पण तिथे तिकीट काढून आलेली बरीच माणसं त्याच एका वाक्यावर जगत होती.

आणि तिचं खरं झालं. १ ऑक्टोबर २०१३, बाद फेरीचा सामना. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने ऐनवेळी दोन तिकिटं दिली. चाळीस हजारांवर माणसं, सगळी काळ्या कपड्यांत. मी चौथ्या महिन्यात होते, आणि दर पाच मिनिटांनी नवरा विचारायचा, बरं वाटतंय ना. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो. अख्खं मैदान त्याच्या नावाचा एकेक अक्षर ताणून घोष करत होतं, क्वेऽऽ-टोऽऽ. ते चिडवणं होतं, पण त्यात वीस वर्षांचं साठलेलं होतं. एका क्षणी उभ्याउभ्या त्याच्या हातातून चेंडू निसटून मातीत पडला. आवाज आणखी वाढला. पुढचाच चेंडू आमच्या रसेल मार्टिनने प्रेक्षकांत भिरकावला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी तोंडावर धरली होती आणि त्याचे खांदे हलत होते. मी कधी न पाहिलेल्या त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला.

त्या रात्री हे गाव मला माझं वाटलं.

म्हणून पुढचं लागलं. तीन वर्षं ओळीने संघ बाद फेरीत गेला, २०१५ ला तर ९८ सामने जिंकले, आणि शिकागोविरुद्धच्या एका सामन्यात सगळं संपलं. त्यानंतर ते दार उघडलेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला गेला आणि अँड्र्यू मॅकचन सॅन फ्रान्सिस्कोला. मॅकचन म्हणजे २००९ पासूनचा इथला चेहरा. त्याने पोराचं नावसुद्धा या पोलादाच्या गावावरून स्टील ठेवलेलं. मालकांनी संघ विकावा म्हणून हजारो लोकांनी अर्जावर सह्या केल्या. मग त्याच वर्षी ३१ जुलैला संघाने उलटा सौदा केला, म्हणजे आता खर्च करतोय, जिंकायचंय, असं म्हणत ख्रिस आर्चर हा पिचर आणला आणि ग्लासनाऊ, मेडोज आणि बॅझ असे तीन तरुण देऊन टाकले. आर्चर इथे कधी फुललाच नाही. दिलेल्यांपैकी मेडोज पुढच्याच वर्षी लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात गेला आणि ग्लासनाऊ आज लॉस एंजेलिसकडून खेळतो. म्हणजे विकलं तरी दुखतं, घेतलं तरी दुखतं. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांना या तीन नावांची आठवण काढली की अजून जेवण जात नाही.

पैशाचंही बोलायलाच हवं, कारण हा राग हवेतून आलेला नाही. बेसबॉलमध्ये पगारावर कमाल मर्यादा नाही. एका रेषेपलीकडे गेलं की कर भरायचा, बस. न्यूयॉर्कच्या मेट्सनी २०२४ च्या डिसेंबरात एकट्या ह्वान सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर देऊ केले. त्याच्या दहा वर्षं आधी, डिसेंबर २०१४ ला, पायरेट्सनी फ्रान्सिस्को लिरियानोला तीन वर्षांचे ३.९ कोटी दिले. खुल्या बाजारातून आणलेल्या खेळाडूला या संघाने त्याहून मोठी रक्कम त्यानंतर दिलेली नाही. सगळ्या संघांनी स्थानिक उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा एका हंड्यात टाकायचा आणि तो सारखा वाटून घ्यायचा, अशी पद्धत आहे; त्यातून छोट्या गावांना मदत मिळते. ते पैसे खेळाडूंवर खर्च होतात का, असा सवाल २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने पायरेट्ससह चार संघांबाबत रीतसर उचलला होता. मी स्वतः आकड्यांत राहणारी बाई आहे. छोट्या गावाचं उत्पन्न छोटं असतं हे मला मान्य आहे. पण ज्याला दरवर्षी 'अजून जरा थांबा' एवढंच सांगायचंय आणि तिकिटाचे पैसे मात्र आजच घ्यायचेत, त्याचा ताळेबंद मला पटत नाही. रिबिल्ड म्हणजे उधारीच आहे. ऐवज प्रेक्षक आज देतो, आणि पावतीवर सही करणारा माणूस पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर असेलच असं नाही.

आमच्या पॉल स्कीन्स या पिचरचं बघा. २०२३ ला देशभरातून पहिल्या क्रमांकाने निवडलेला, २०२४ ला सर्वोत्तम नवोदित, २०२५ ला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. दर नऊ इनिंगला त्याने सरासरी दोनपेक्षा कमी धावा दिल्या, १.९७. आणि त्याच्या नावावर विजय १०, पराभव १०. एवढं टाकूनही निम्म्या वेळा हार, कारण मागे बॅट चालवणारं कुणी नाही. संघाने २०२५ मध्ये ९१ सामने गमावले. एप्रिलमधल्या पहिल्याच घरच्या सामन्याला मैदानावरून विमान फिरत होतं, 'संघ विका' असा फलक शेपटीला बांधून. स्कीन्स खेळायला येतो तेव्हा माझी लेक देहभान विसरून बघते, आणि तिच्यामागे बसलेला कुणीतरी हमखास म्हणतो, २०२९ नंतर हा मोकळा होणार, त्याआधी कधी विकतील? मुलगा डोळ्यांसमोर खेळतोय आणि मागची रांग त्याच्या जाण्याची तारीख मोजतेय. हे मला फार क्रूर वाटतं. पोरीला पायरीवर बसवून मीही तेच केलं होतं.

बेडनारचं तिला वेड का, तर तो मार्स नावाच्या गावचा. पिट्सबर्गच्या उत्तरेला खरंच त्या नावाचं गाव आहे. तिला सात-आठ वर्षांची असताना सांगितलं होतं की हा मंगळावरून आलाय, तेव्हापासून तो तिचा. शेवटच्या इनिंगला दिवे मंदावायचे, गाणं लागायचं, तो दाराबाहेर पळत यायचा आणि ही खुर्चीवर चढून उभी राहायची. २०२५ च्या एप्रिलच्या सुरुवातीलाच तीन वाईट सामन्यांनंतर त्याला खालच्या संघात, इंडियानापोलिसला धाडलं होतं. तेव्हा तिने कॅलेंडरवर दिवस खोडले होते. तो परत आला, सुधारला, उत्तम टाकू लागला. नीट टाकू लागला म्हणून तर भाव आला. त्याच्या चांगलं होण्याचंच हे फळ, हे तिला कसं समजावणार होते मी? आणि तोही असाच आलेला, हे मला नंतर आठवलं. जानेवारी २०२१ च्या सौद्यात जो मसग्रोव्ह सॅन डिएगोला गेला, त्याच्या बदल्यात आलेल्यांतला बेडनार एक. तेव्हा कुणाच्या तरी घरात जिन्यावर मसग्रोव्हचा शर्ट घातलेलं एखादं पोर बसलं असेल.

मला राहून राहून आण्णा आठवत होते. आमचं गाव विट्याजवळ. मी दुसरीत-तिसरीत असेन. आमच्या गोठ्यात हरण्या नावाचा खिल्लार बैल होता, पांढराशुभ्र, सरळ उंच शिंगांचा. शाळेतून आले की मी त्याच्या कपाळावर कपाळ टेकवून उभी राहायची. आण्णांनी तो खरसुंडीच्या यात्रेत विकला. मला घेऊन गेले होते. पाल ठोकलेले, धुरळा, हिरव्या वैरणीचा आणि शेणाचा वास, चहाच्या गाड्यावरची गर्दी. गिऱ्हाइकाने हरण्याचा जबडा उघडून दात मोजले. "सहा दाती हाय," दलाल म्हणाला. मग त्याने उपरणं टाकून त्याखाली आण्णांचा हात धरला आणि बोटं दाबून दाबून सौदा झाला. एक आकडा कुणाच्या तोंडून निघाला नाही. माझं लक्ष आण्णांच्या तोंडाकडे होतं. उपरण्याखाली बोटं हलायची तसा त्यांचा जबडा हलायचा. घरी येताना हरण्याच्या गळ्यातला कंडा तेवढा त्यांनी पिशवीत ठेवलेला होता. गोठ्यात आल्यावर तो माझ्या हातात दिला, मला उचलून घेतलं आणि खुंटीला अडकवायला लावला. बस. बोलले काहीच नाहीत. रात्री मी झोपलेय असं समजून ते आईला हळू आवाजात सांगत होते, "सगळं दात येऊन जुळला की कोण इचारतंय? औंदा पाऊस न्हाई. वैरण कुठनं आणू?" मग आकडा सांगितला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

माणसाची बैलाशी तुलना करू नये, हे मला कळतं. बेडनारला न्यूयॉर्कमध्ये मोठं मैदान मिळालं, जिंकणारा संघ मिळाला, तो कदाचित खुशही असेल. पण आण्णांनी हिशेब केला आणि तो आईजवळ ठेवला. माझ्या वाट्याला त्यांनी कंडा दिला. मी माझ्या लेकीला हिशेब दिला, आणि तिच्या हातात दुसरं काहीच ठेवलं नाही.

शेजारी एक काका राहतात. वय चौऱ्याहत्तर. होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात कामाला होते, १९८६ मध्ये तो बंद होईपर्यंत. रोज संध्याकाळी पोर्चवर रेडिओ लावून बसतात. टीव्हीवर सामना असला तरी रेडिओच. त्या ३१ जुलैला त्यांचा रेडिओ बंद होता. दुसऱ्या दिवशी मी भाजी-पोळी घेऊन गेले तेव्हा त्यांना लेकीचं सांगितलं. ते बराच वेळ पोळीचा तुकडा हातात धरून बसले. मग त्यांच्या वडिलांचं बोलले. १९५२ ला संघ ११२ सामने हरला, तरी राल्फ काइनरचे होमरन, म्हणजे मैदानाबाहेर टोलवलेले चेंडू, बघायला माणसं यायची. सलग सात वर्षं लीगमध्ये सर्वाधिक होमरन त्याचे. नवे व्यवस्थापक ब्रँच रिकी पगारावरून त्याला म्हणाल्याचं सांगतात, तू असतानाही शेवटचे आलो, तू नसतानाही शेवटचे येऊ शकतो. जून १९५३ ला काइनर शिकागोला गेला. "माझा बाप त्यानंतर सात वर्षं मैदानाकडे फिरकला नाही," काका म्हणाले. "पण रोज रात्री स्कोअर विचारायचा." आणि त्या काळ्या वर्षांतच रिकींनी ब्रुकलिनच्या संघाच्या हाताखालून, पूल ज्याच्या नावाचा तो क्लेमेंटे उचलला, सतरा वर्षांच्या मॅझरोस्कीला करारावर घेतलं. "मग तुमच्या वडिलांचं चुकलं का?" मी विचारलं. काकांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

१३ ऑक्टोबरला शाळेला सुट्टी होती. काका दरवर्षी त्या दिवशी गावातल्याच ऑकलंड भागात जातात. या वेळी आम्हा दोघींना घेऊन गेले. विद्यापीठाच्या आवारात संघाच्या जुन्या मैदानाच्या, फोर्ब्स फील्डच्या विटांच्या भिंतीचा तुकडा उभा आहे, वेलींनी भरलेला, त्यावर ४५७ फुटांचा आकडा. मैदान कधीच गेलं, भिंत राहिली. १९८५ मध्ये, संघ १०४ सामने हरला त्या वर्षी, एक माणूस एकटाच टेपरेकॉर्डर घेऊन इथे येऊन बसला आणि त्याने १९६० मध्ये याच तारखेला झालेल्या, अंतिम मालिकेतल्या सातव्या, निर्णायक सामन्याचं रेडिओवरचं वर्णन सुरुवातीपासून लावलं. पुढे माणसं जमत गेली. आता घडीच्या खुर्च्या, थर्मास, सँडविचचे डबे, जुन्या टोप्या, काठ्या टेकत आलेले म्हातारे आणि कडेवरची पोरं. ऊन कोवळं होतं आणि वेलीची पानं लाल व्हायला लागली होती. लेकीने ५१ चा शर्ट घातला होता. एक-दोघांनी पाहिला, कुणी काही बोललं नाही. एका आजींनी जाता जाता त्या आकड्यावर नुसता हात फिरवला.

वर्णन सुरू झालं. समोर यांकीजच. त्या मालिकेत तोवर यांकीजच्या धावा ४६ आणि पायरेट्सच्या १७, तरी तीन-तीन सामन्यांची बरोबरी झालेली. शेवट ठाऊक असूनही माणसं गुडघे घट्ट धरून ऐकत होती. तिसऱ्या बेसवर डॉन होक असं नाव आलं तेव्हा काका लेकीकडे झुकले आणि सांगू लागले. जानेवारी १९५९ मध्ये पायरेट्सनी फ्रँक थॉमसला आणि सोबत आणखी काहींना सिनसिनाटीला देऊन तिघांना आणलं, होक, स्मोकी बर्जेस आणि हार्वी हॅडिक्स. थॉमस कोण? याच गल्ल्यांत वाढलेला, पिट्सबर्गचा पोरगा, आधीच्याच हंगामात ३५ होमरन मारलेला. "माझी थोरली बहीण आठवडाभर रडत होती," काका म्हणाले. "तिला कुणी काही समजावलं नाही. आईने तिला एक दिवस शाळेला दांडी मारू दिली." लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचा हात माझ्या कोटाच्या खिशात आला.

नवव्या, शेवटच्या इनिंगला हॅडिक्सचं नाव आलं. लेक एकदम ताठ बसली. "हाच ना? थॉमसच्या बदल्यातला?" काकांनी बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. यांकीजनी बरोबरी केली, ९-९. मॅझरोस्की बॅट घेऊन आला. निवेदक समोरच्या पिचरचं नाव चुकीचं सांगतो, डिटमार म्हणतो. "टेरी," काका पुटपुटले. घड्याळात तीन वाजून छत्तीस मिनिटं झाली, तेव्हा आवाज फुटला आणि भिंतीपाशी जमलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. पासष्ट वर्षांपूर्वीचा चेंडू पुन्हा एकदा त्या जुन्या मैदानाबाहेर गेला. काकांनी डोळे पुसले. जिंकलेल्या पिचरचं नाव हॅडिक्स.

परत येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. पुलावरून नदी दिसायला लागली तेव्हा लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "तरी मी थॉमसला दिलं नसतं."

"मीही नसतं दिलं," मी म्हटलं.

काकांनी रेडिओ लावला.